सुहासला पत्र: रिफायनरीची करमाफी आणि शाळेचे पैसे

घणसोली, नवी मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. त्यातला घरचा भाग काकूंना वाचून दाखवला. त्यांचं बीपी आता ठीक आहे, गुडघा मात्र अजून त्रास देतो. आदितीचे शाळेतले फोटो सोसायटीतल्या सगळ्यांना दाखवून झाले आहेत. त्यांची काळजी करू नकोस, नीता एक दिवसाआड जाऊन येते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. "तू स्वतः कारखाना चालवतोस, म्हणून तुलाच विचारतो, एक्सॉनमोबिलच्या रिफायनरीला मालमत्ता कर माफ करायला इथे लुइझियानात लोकांचा एवढा विरोध का?" असं तू लिहिलंस. तू पाठवलेली कात्रणं वाचली, शिवाय मीही शोधून बरंच वाचलं. माझं मत तुझ्या विरुद्ध आहे, हे आधीच सांगतो. रागावू नकोस. तुझं पोट त्या रिफायनरीच्या मेंटेनन्सवर चालतं आणि माझ्या गाळ्यातही व्हॉल्व्हचे स्पिंडल नि फ्लँज बनतात ते अशाच प्लांटांसाठी. कुठे शटडाऊन लागला की आमच्याकडे रात्रपाळी सुरू होते. त्यामुळे उद्योगाच्या वाईटावर टपलेला माणूस हे लिहीत नाही, एवढं तुला माहीत आहेच.

अमेरिकेतल्या तुमच्या लुइझियाना राज्याने १९३६ साली राज्यघटनेत दुरुस्ती करून ही सवलत आणली. कारखान्याच्या नव्या इमारती आणि यंत्रं यांना मालमत्ता कर माफ, आधी पाच वर्षं आणि मग वाढवून आणखी पाच. अर्ज राज्याच्या उद्योग मंडळाकडे करायचा आणि मंजुरीही त्यांचीच. पण मंडळ माफ करतं तो कर राज्याचा नाहीच! तो शाळा मंडळाचा, शेरीफचा म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, पॅरिशच्या म्हणजे जिल्ह्याच्या कौन्सिलचा. ज्यांच्या तिजोरीतून पैसे जात होते त्यांना ऐंशी वर्षं कोणी विचारलंच नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं म्हणतात ते हेच.

२०१६मध्ये गव्हर्नर जॉन बेल एडवर्ड्स यांनी आदेश काढला की माफी हवी असेल तर शाळा मंडळ, शेरीफ आणि कौन्सिल यांची संमती लागेल आणि नोकऱ्यांचा शब्द द्यावा लागेल. पुढे माफीही ८० टक्क्यांवर आणली. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. तोपर्यंत यंत्रसामग्रीतली पन्नास लाख डॉलरच्या आतली किरकोळ भर वर्षाअखेरीला एकत्र करून तिच्यावरही माफी मागता येत असे. ते त्यांनी बंद केलं. तू मेंटेनन्समधला माणूस आहेस. पंप बदलणं, जुनी लाइन काढून नवी टाकणं ही कामं प्लांट चालू ठेवायची तर करावीच लागतात, हे तुला मी काय सांगावं? कर माफ केला म्हणून कोणी पंप बदलत नाही, आणि माफी नाही म्हणून गळका पंप तसाच चालवत नाही.

२०१८च्या ऑक्टोबरमध्ये ईस्ट बॅटन रूजच्या शिक्षकांनी एका दिवसाच्या कामबंदच्या बाजूने जवळजवळ एकमताने कौल दिला. पगारवाढ मागायला नव्हे, तर एक्सॉनमोबिलची करमाफी अडवायला. राज्याच्या उद्योग मंडळाच्या बैठकीतून तो विषयच काढून घेतला गेला. मग जानेवारी २०१९मध्ये शाळा मंडळाने माफीचे दोन अर्ज फेटाळले, रक्कम साधारण २९ लाख डॉलर. इतक्या मोठ्या कंपनीला ही रक्कम काहीच नाही, यावरून एवढा गाजावाजा कशाला, असं तू म्हणतोस. पण ज्या कामांसाठी अर्ज होते ती तर आधीच पूर्ण झाली होती! मग ती माफी कशासाठी प्रोत्साहन होती, ते मला समजावून सांग. झालेल्या कामाला प्रोत्साहन कसं द्यायचं?

आणखी एक गोष्ट, ती माझ्या धंद्यातून मला दिसते. नवं सीएनसी मशीन आणलं की पहिल्या वर्षी त्याची किंमत सगळ्यात जास्त, मग सीए दरवर्षी घसारा धरतो आणि दहाव्या वर्षी पुस्तकात फारसं काही उरत नाही. यंत्राच्या किमतीवर कर असेल आणि पहिली दहा वर्षं तो माफ असेल, तर किंमत असते तेव्हा कर नाही आणि कर लागू होतो तेव्हा किंमत नाही. "दहा वर्षांनी सगळा कर मिळणारच आहे" असं तुमचे लोक म्हणतात ना, त्यांना घसाऱ्याचा तक्ता मांडून दाखव. आणि दहा वर्षं होईपर्यंत पुढची सुधारणा होते, तिच्यावर पुन्हा अर्ज.

तुझा मुख्य मुद्दा असा की कर लावला तर कंपनी टेक्सासला निघून जाईल. सुहास, तुमची रिफायनरी १९०९ पासून मिसिसिपीच्या काठावर आहे. दिवसाला पाच लाख पिंपांहून जास्त तेल शुद्ध करते. तिच्या जेटी, पाइपलाइनी, शेजारचे केमिकल प्लांट, तुझ्यासारखी शिकलेली माणसं, हे सगळं तिथे शंभर वर्षांत उभं राहिलं आहे. शाळेच्या करासाठी ते कोणी उचलून नेत नाही. पुढची मोठी गुंतवणूक दुसरीकडे जाऊ शकते, हे मी मान्य करतो, तेवढी भीती खरी आहे. पण कारखाने का बंद पडतात ते आपण आपल्याच पट्ट्यात पाहिलं आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा नोसिल कंपनीचा नॅफ्था क्रॅकर, नॅफ्था फोडून रसायनं बनवणारा तो प्लांट, तुला आठवतो ना? त्याच्या फ्लेअरचा उजेड रात्री खाडीवर पडायचा आणि तुझे बाबा त्यावरून आज प्लांट कसा चालला आहे ते सांगायचे. १९६०च्या दशकातला तो प्रकल्प बंद झाला तो मालमत्ता करापायी नव्हे. नंतर उभे राहिलेले क्रॅकर त्याच्या कितीतरी पट मोठे होते, त्यांच्यापुढे एवढ्या लहान क्षमतेचा प्लांट परवडेना. कर माफ केला असता तरी तो वाचला नसता, हे तुझे बाबाच म्हणायचे.

इथली परिस्थिती तू जाऊन बरीच वर्षं झाली म्हणून थोडी सांगतो. टीटीसीतला, म्हणजे आपल्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातला, करवाद तुला अर्धवट माहीत असेल. एमआयडीसीने साठच्या दशकात पट्टा वसवला, रस्ते दिले, पाणी दिलं. महापालिका आली १९९२ मध्ये. एमआयडीसी सेवा शुल्क घेते आणि पालिका मालमत्ता कर, म्हणजे एकाच गाळ्याला दोनदा पैसे, अशी उद्योजकांची तक्रार. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. ७४व्या घटनादुरुस्तीत औद्योगिक नगरीची तरतूद आहे, कारखानाच नागरी सेवा पुरवत असेल तर तिथे नगरपालिका न करण्याची. आमच्या असोसिएशनच्या गप्पांत तीही अधूनमधून निघते. मी स्वतः या वादात उद्योजकांच्या बाजूला आहे, पण एका मर्यादेपर्यंत. एकाच सेवेचे दोनदा पैसे घेऊ नयेत, हे बरोबर. कर अजिबात नको, हे मला पटत नाही. माझ्या गाळ्यातली पोरं दिघ्यात आणि चिंचपाड्यात राहतात. त्यांचा कचरा, दवाखाना, मुलांची शाळा एमआयडीसी बघत नाही.

परवा सहामाही देयक आलं. ते नेहमीसारखं फाइलला न लावता तुझ्या पत्राशेजारी ठेवून ओळीने वाचलं. करयोग्य मूल्य, मग सामान्य कर, मलनिस्सारण, अग्निशमन, वृक्ष उपकर, महापालिका शिक्षण कर आणि खाली राज्य शासनाचा शिक्षण कर नि रोजगार हमी उपकर. हे शेवटचे दोन १९६२च्या कायद्याखाली येतात, पालिका ते वसूल करते आणि राज्याकडे भरते. रोजगार हमी उपकर तर राहत्या घरांना नाही, आमच्यासारख्या बिगरनिवासी गाळ्यांनाच आहे. रबाळ्यातल्या एका शेडवरच्या करातून दुष्काळी तालुक्यात कोणाच्या तरी हाताला काम मिळतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट उमगलं. हप्ता चुकला तर दरमहा दोन टक्के शास्ती. मी वेळेवर भरतो. मोठ्या थकबाकीदारांसाठी मात्र अधूनमधून अभय योजना निघते आणि शास्ती माफ होते. तेव्हा मनाला लागतं, खरंच लागतं.

आणि नीता त्याच शिक्षण कराच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे. तिच्या वर्गात एका बाकावर तिघं बसतात, मधल्याला लिहिताना कोपर उचलता येत नाही म्हणून ती दर तासाला त्यांच्या जागा बदलते. शाळा दोन सत्रांत भरते. पालिकेच्या शाळांत मुलं वाढताहेत, ही खरं तर अभिमानाची गोष्ट. फक्त वर्गखोल्या त्या वेगाने वाढत नाहीत. तुमच्याकडच्या शिक्षकांचं वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना निदान माहीत तरी आहे, पैसे कुठे गेले ते."

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे सवलती नाहीत असं नाही. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. मुद्रांक शुल्क माफ, वीज शुल्क माफ, आता राज्याच्या जीएसटीच्या प्रमाणात अनुदान. विशाल प्रकल्पांना तर वेगळं, खास त्यांच्यापुरतं पॅकेज. मुंबई-ठाण्याचा विकसित पट्टा 'अ' गटात, म्हणून मोठ्या कारखान्यांना इथे त्यातलं फारसं मिळत नाही, ते मागास भागांसाठी आहे. निदान राज्य तिथे बहुतांशी स्वतःचं उत्पन्न सोडतं. पण एखाद्या प्रकल्पाला किती दिलं आणि बदल्यात काय आलं, हे कोणत्या जाहीर सभेत मांडलं जातं? पालिकांची जकात, उपकर, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर, सगळं गेलं. माहुलच्या दोन रिफायनऱ्यांत येणाऱ्या कच्च्या तेलावरची जकात हे मुंबई पालिकेचं केवढं मोठं उत्पन्न होतं, तेही २०१७च्या जुलैत जीएसटीबरोबर संपलं आणि राज्याकडून भरपाई सुरू झाली. आता पालिकेच्या हातात स्वतःचा असा मुख्य कर उरला तो मालमत्ता कर. आणि त्यावर प्रश्न विचारायचे तर सभागृह हवं. २०२०च्या मे महिन्यात आपल्या नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर २०२६च्या जानेवारीत निवडणूक होईपर्यंत वर्षानुवर्षं प्रशासक होते. अंदाजपत्रक मांडायचे तेच, मंजूर करायचेही तेच. तुमच्या शाळा मंडळात लोक माइकसमोर उभे राहून दोन-दोन मिनिटं बोलले असं तू लिहिलंस, ते वाचताना मला तुझा हेवा वाटला.

कोकणातल्या बारसू-सोळगाव रिफायनरीच्या वेळीही मला हेच खटकलं होतं. आधी नाणार, मग बारसू. वर्षाला सहा कोटी टनांच्या रिफायनरीची घोषणा झाली होती. आपल्या सोसायटीतल्या राजापूरकरांच्या घरात जमीन, आंबा, मासळी, नोकऱ्या यांवरून भांडणं झाली, भाऊ-भाऊ बोलेनासे झाले. त्या सगळ्या वादात गावाच्या पंचायतीला दरवर्षी काय मिळणार, हे मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. आपल्या ग्रामपंचायत कायद्यात १२५ वं कलम आहे. कारखान्याने करांऐवजी पंचायतीला ठोक रक्कम द्यायचा करार करता येतो. ती ठोक रक्कम केवढी आणि ती कोण ठरवणार, हा प्रश्न सह्यांच्या आधी विचारायचा असतो, नंतर नाही.

आता तुमच्याकडे २०२४च्या फेब्रुवारीत नवे गव्हर्नर जेफ लँड्री यांनी नोकऱ्यांची अट काढली आणि शाळा मंडळाचं स्वतंत्र मतदान थांबवून सगळ्यांना एका समितीत बसवलं. तुला हे सुटसुटीत वाटतं, एकाच ठिकाणी काम होतं म्हणून. मला यातच धोका दिसतो. शाळा मंडळ स्वतंत्र बसतं तेव्हा त्याच्यासमोर फक्त शाळा असते. समितीत शाळा हा एक आवाज होतो, तोही बहुधा सगळ्यात हळू.

करमाफी कधीच देऊ नये असं मी म्हणत नाही. नवा प्लांट खरोखर येणार असेल, माणसं लागणार असतील, तर द्यावी. पण काम सुरू व्हायच्या आधी द्यावी, लेखी अटींवर द्यावी, आणि ज्याचे पैसे कमी होणार आहेत त्याने हात वर करून हो म्हटलं असेल तरच द्यावी. तू आतला माणूस आहेस. कोणतं काम नवं आणि कोणतं नेहमीची डागडुजी, हे तिथे बसलेल्या कुठल्याही सदस्यापेक्षा तुला जास्त कळतं. नोकरीमुळे तू उघड बोलू शकत नसशील, तर मेघा बोलू शकते. तिची मुलगी त्याच मंडळाच्या शाळेत आहे. पुढची बैठक कधी आहे ते बघ आणि निदान जाऊन बस.

एक काम कर. शाळा मंडळाचं अंदाजपत्रक मिळालं तर त्यातलं मालमत्ता कराचं पान मला पाठव. आमच्या असोसिएशनच्या बैठकीत मी ते दाखवणार आहे, कारण यंदा पालिकेकडे सेवा शुल्काच्या वजावटीची मागणी घेऊन जायचं ठरतंय आणि त्याचबरोबर शिक्षण कराचा खर्च गाळामालकांना दरवर्षी कळवावा, अशीही मागणी मला त्यात घालायची आहे. काही जणांचा विरोध होईल, पण तरण्याताठ्या मंडळींना पटतंय.

डिसेंबरात येताना काकूंसाठी गुडघ्याचा तो पट्टा आण, इथला त्यांना घट्ट होतो. आदितीला आणि मेघाला आशीर्वाद. माझं म्हणणं कुठे पटलं नाही ते स्पष्ट लिही, गोड लिहू नकोस.

तुझा,
प्रकाश