माळ्यावरचे अंक रद्दीत देऊ नयेत म्हणून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

घराला रंग देण्यापूर्वी माळा रिकामा करायचा आहे, तेव्हा खगोलशास्त्राच्या जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवायचे की रद्दीत द्यायचे, असे आईने फोनवर विचारले. इतकी जागा अडवणारी वस्तू ठेवा म्हणायचे, तर कारणही तितकेच सविस्तर द्यायला हवे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जुने मासिक म्हणजे शिळी बातमी, हे बाबांचे म्हणणे इतर मासिकांना लागू पडेल. परंतु आकाशनिरीक्षणाच्या मासिकाचा गाभा बातमीत नसून त्या महिन्याच्या आकाशाच्या पानांत असतो, आणि ती पाने पुन्हा पुन्हा उपयोगी पडतात. प्रत्येक तारा रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो आणि वर्षाने त्याच तारखेला, त्याच वेळी, त्याच जागी दिसतो. त्यामुळे मधला तारकानकाशा कोणत्याही वर्षी तितकाच खरा असतो. ग्रहांची पानेही वाटतात तेवढी निरुपयोगी होत नाहीत. शुक्र दर आठ वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांना त्याच ठिकाणी परत येतो, आणि चंद्राच्या कला 19 वर्षांनी त्याच तारखांशी जुळतात. बाबा, हे तुम्हाला पंचांगावरून पडताळता येईल: 2007 मध्ये अधिक ज्येष्ठ आला होता आणि 2026 मध्येही अधिक ज्येष्ठच आहे. मावळतीची किरणे मूर्तीवर पडतात त्या किरणोत्सवाला आई अंबाबाईच्या देवळात जाते, तो नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस येतो, कारण सूर्य दक्षिणेकडे जाताना आणि तिकडून परतताना क्षितिजावर त्याच बिंदूपाशी मावळतो. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक दिशेला पाहा, असे आधी सांगून ठेवणारी ही परंपरा आपल्या घराला परकी नाही; मासिक तेच काम दुर्बिणीसाठी करते.

यांतले बहुतेक अंक ‘स्काय अँड टेलिस्कोप’चे आहेत. हे मासिक 1941 साली अमेरिकेत, दोन जुनी मासिके एकत्र करून सुरू झाले. त्यात वॉल्टर स्कॉट ह्यूस्टन यांनी 1946 पासून 1993 पर्यंत तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका यांवर सदर लिहिले, आणि मला आजही त्याहून चांगला मार्गदर्शक माहीत नाही. छायाचित्रात रंगीत दिसणारा तेजोमेघ लहान दुर्बिणीतून राखाडी, धूसर डागासारखा दिसतो. हे ज्याला आधी कोणी सांगितले नाही, तो पहिल्या रात्रीच निराश होऊन दुर्बीण गुंडाळून ठेवतो. ह्यूस्टन नेमके हेच सांगत: अंधुक वस्तूकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबावे, आणि मगच काय दिसले ते ठरवावे. डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले की ती सगळी तयारी वाया जाते. विजेरीवर लाल जिलेटिन लावून कागदी नकाशा वाचला, तर तसे होत नाही. मोबाइल असताना कागद कशाला, या आईच्या प्रश्नाचे माझे पहिले उत्तर हेच आहे.

या मासिकांत एक उणीव मात्र आहे, आणि त्या उणिवेमुळेच आपले अंक बाजारात मिळणाऱ्या प्रतींहून मोलाचे झाले आहेत. त्यांचे नकाशे साधारण 40 अंश उत्तर अक्षांशासाठी काढलेले असतात. तिथे ध्रुवतारा आकाशात बराच वर असतो, कोल्हापुरात तो क्षितिजापासून जेमतेम 17 अंशांवर. उलट अगस्त्य हा तारा त्यांच्या नकाशात उगवतच नाही. आपल्याकडे तो दक्षिणेला 20 अंशांपर्यंत वर येतो. नरतुरंग तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा सर्वांत तेजस्वी गोलाकार तारकागुच्छ तिकडच्या वाचकाला क्षितिजाच्या धुरकटपणातच शोधावा लागतो, तर आपल्या गच्चीवरून तो 26 अंश उंचीवर असतो. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा नक्षत्राचा तारा बरोबर दक्षिणेला आला की त्याच्या सरळ खाली सुमारे 36 अंशांवर साध्या बायनॉक्युलरनेही तो सापडतो. अशा सगळ्या नोंदी मी त्या अंकांच्या समासात पेन्सिलीने केल्या आहेत. दुसरी प्रत विकत मिळेल, पण कोल्हापूरच्या आकाशासाठी दुरुस्त केलेली मिळणार नाही.

बातम्यांची पानेही मला टाकवत नाहीत. शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे जुलै 1994 मध्ये गुरूवर आदळले. त्याआधीच्या अंकांत पृथ्वीवरून काही दिसेल की नाही याबद्दल जाणकारांनाही खात्री नव्हती, आणि नंतरच्या अंकांत पृथ्वीहून मोठे काळे डाग लहान दुर्बिणींतून दिसल्याची वर्णने आहेत. ऐन पावसाळ्यात कोल्हापुरातून ते पाहणे अशक्यप्राय होते. दोन्ही अंक शेजारी ठेवून वाचले की विज्ञान अंदाजाकडून पुराव्याकडे कसे जाते, ते पाठ्यपुस्तकापेक्षा स्पष्ट कळते. प्लूटोला नववा ग्रह म्हणणारे 2006 पूर्वीचे अंकही याच कारणासाठी ठेवावेत.

निव्वळ जाहिरातींच्या पुरवण्या आणि वाळवी लागलेले अंक खुशाल द्या. बाकीचे वर्षावार बांधून, डांबराच्या गोळ्या घालून, माळ्याऐवजी बाबांच्या खोलीतील कपाटात ठेवावेत, कारण माळ्यावर पावसाळ्यात ओल येते. बाबा, मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत आपल्याकडे आकाश क्वचितच मोकळे मिळते. ते महिने वाचनाचेच आहेत, आणि निवृत्तीनंतर दुपारी वेळ जात नाही असे तुम्हीच म्हणता. ह्यूस्टन यांच्या सदरापासून सुरुवात करा. इंग्रजी सोपे आहे आणि अक्षर बारीक वाटले तर देव्हाऱ्याशेजारच्या खणात भिंग आहे. दिवाळीला मी येईन तेव्हा दुर्बीण घेऊन येते. तोपर्यंत पाहण्याजोग्या वस्तूंची यादी तुम्ही तयार करून ठेवावी, अशी विनंती आहे.

तुमची लेक