मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुलं पत्र: डोंगर कापताय तर आधी दगड बघू द्या

मा. मंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी खारघरला राहतो. कॉलेजात आम्हाला जिऑलॉजीला एक सर होते, आता रिटायर झालेत, पण त्यांचा ध्यास अजून तोच आहे, जमिनीतल्या जुन्या भेगा आजही सरकतायत का आणि त्यापायी नद्या-डोंगर कसे बदलले. नदीने मधेच विचित्र वळण घेतलं की सर तिथे थांबणारच. मग चर खणायचा, मातीचे थर कुठे तुटून खाली-वर झालेत ते मोजायचं, त्या मातीचं वय काढायचं, असं करत करत शेवटचा मोठा हादरा कधी बसला असेल ते कळतं.

आपल्या भागात म्हणाल तर घाटात बसाल्टचे, म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडाचे, थर बऱ्यापैकी आडवे आहेत, तेच पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे वाकलेत. पनवेल फ्लेक्शर म्हणतात त्याला. हा पट्टा आज किती जागृत आहे, म्हणजे तिथल्या भेगा अजून सरकतायत का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि म्हणूनच तर बघायला हवं ना! १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा भूकंपाच्या नकाशात तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडची लोकं धक्क्यांमुळे रात्री घराबाहेर झोपली, ते तर आपल्या शेजारीच.

अडचण अशी आहे की कोकणात पाऊस, झाडी, बिल्डिंगा यात उघडा दगड मिळतच नाही. आणि आत्ता कुठे मिळतोय तर एअरपोर्टसाठी उलव्याची टेकडी कापली, बोगदे चाललेत, मेट्रोची बोअरिंगं झाली, सगळं आतलं बाहेर आलं, आणि कुणी नीट बघायच्या आत त्यावर जाळी आणि सिमेंट. मागच्या वर्षी एका कटिंगमध्ये दगडाचा चुरा झालेला तिरका पट्टा आम्हाला रस्त्यावरून दिसला, भेग सरकल्याची ती खूण असू शकते, म्हणून सर गेटवर दोन तास उभे राहिले, आत सोडलं नाही. पंधरा दिवसांनी गेलो तर भिंत झालेली.

साहेब, एवढाच नियम करा. सरकारी कामात कटिंग झाकायच्या आधी भूवैज्ञानिकांना दोन दिवस द्या, फोटो आणि मापं घेऊ द्या. बोअरहोलचे रिपोर्ट कॉलेजांना मिळू देत, पैसे जनतेचेच आहेत. पंचनामा दरड पडल्यावर करतो, तो आधी करायला हरकत काय?

सर सत्तरीच्या पुढे आहेत. बोलावलंत तर मंत्रालयात येतील, मी घेऊन येतो. त्या पट्ट्याचा रस्त्यावरून काढलेला एकच फोटो आहे, तोही आणू.

आपला,
एक खारघरकर