आजीचा खर्च

परळ, मुंबई
रविवार, दुपार

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

आजीच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघात झाला, तेव्हा एकूण किती खर्च आला, असं तू तुमच्या पक्षाघाताच्या पाहणीच्या फॉर्मासाठी फोनवर विचारलंस आणि मी "खूप" म्हणाले. तू हसलीस. "आई, फॉर्मात 'खूप' असा रकाना नाही." पण फॉर्म अजून छापायला जायचाय, आधी घरच्या माणसावर करून बघतेय असंही म्हणालीस, म्हणून काल पोटमाळ्यावरून लाल वही काढली. झुरळांनी कडा खाल्ल्यात, आकडे शाबूत आहेत.

२००६ च्या फेब्रुवारीपर्यंत वहीत दूध, गॅस, वाणी, तुझी शाळेची फी. मग २१ तारखेला एकदम टॅक्सी ९०, सीटी स्कॅन २,२००, परत टॅक्सी ११०. ती सकाळ तुला फारशी आठवत नसेल, नऊ वर्षांची होतीस. चाळीत पाणी पाचला यायचं. आजी उठून कळशी लावायची. मला जाग आली ती कळशी आपटल्याच्या आवाजानं. आजी मोरीच्या भिंतीला टेकून बसलेली, तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. मी म्हटलं, काय होतंय? ती म्हणाली, "नको."

पुढचं सगळं तुझ्या "रुग्णालयात पोचण्यास विलंबाचे कारण" या रकान्यात बसवायचं असेल तर बसव. त्याला मी दोनच बोटं जागा बघितली. शेवंताकाकूंनी साखरपाणी पाजलं, ते अर्धं नाकातून बाहेर आलं. गिळता येत नसलेल्या माणसाला पाजलं की ते फुफ्फुसात उतरतं, हे मला तू फिजिओथेरपी शिकायला लागल्यावर कळलं. तेल कोमट करून हात चोळला. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी कबुतराचं रक्त लावायला सांगितलं आणि बाबा खरंच विचारात पडले होते. त्यांना यावरून चिडवू नकोस. नऊला दवाखाना उघडला. डॉक्टरांनी बीपी बघितलं, एक इंजेक्शन दिलं, झोपू द्या म्हणाले. बाराच्या सुमारास ती हाकेला ओ देईना तेव्हा नर्सिंग होम गाठलं, तर तिथं सीटीचं मशीनच नाही. मेंदूचा फोटो निघाला तेव्हा दीड वाजला होता.

तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिलं विचारलं, "शेवटचं धडधाकट कधी बघितलंत?" मी म्हटलं, काल रात्री साडेदहाला. आठवड्यानं शेवंताकाकू म्हणाल्या, अगं पहाटे पाचला तर नळावर माझ्याशी भांडली ती, स्पष्ट बोलत होती. म्हणजे माझं उत्तर साडेसहा तासांनी चुकलेलं. तेव्हा फरक पडला नसता. १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीनं मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला तीन तासांची मुदत घातली होती आणि आम्ही नळापासून मोजलं तरी आठ तास घालवले होते. ती मुदत २००८ मध्ये साडेचार तास झाली. २०१५ मध्ये जांघेतून नळी घालून मोठी गुठळी ओढून काढायचं तंत्र सिद्ध झालं आणि २०१८ पासून काही निवडक रुग्णांना ते चोवीस तासांपर्यंत करतात. आज असतं तर माझ्या त्या एका वाक्यावर पुष्कळ काही ठरलं असतं. म्हणून सांगते, नातेवाइकांना "त्रास कधी सुरू झाला" असं विचारू नका, कोणालाच सांगता येत नाही. शेवटचं नीट बोलताना कोणी पाहिलं, ते विचारा. आणि घरच्यांइतकंच शेजाऱ्यांना विचारा.

रक्त अडलं की मेंदूतल्या मिनिटाला १९ लाख पेशी मरतात, असं तू वाचून दाखवलं होतंस. साखरपाण्याची दहा मिनिटं मी त्यानं गुणायला घेतली आणि मग पेन ठेवून दिलं.

सीटीच्या २,२०० रुपयांवरून तेव्हा बाबांची आणि माझी बाचाबाची झाली होती. दिसतंय की पक्षाघात आहे, फोटो कशाला? आता कळतं. गुठळी अडकली काय आणि शीर फुटली काय, बाहेरून तोंड तसंच वाकडं होतं, हात तसाच पडतो. गुठळीचं औषध रक्तस्रावाच्या माणसाला दिलं तर जीवच जायचा. गुठळीच्या माणसालाही ते निर्धोक नाहीच. त्या १९९५ च्या चाचणीत औषध दिलेल्या शंभरातल्या सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत शंभरात एकाहूनही कमी. तरी तीन महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहिलेले औषधवाल्यांतच जास्त होते. अशी जोखीम एखाद्या सुनेनं पाच मिनिटांत समजून सही करायची असते. तू त्या सहीच्या कागदावरही काम करणार असशील तर तो वाचायला सोपा कर, एवढं मात्र हक्कानं सांगते.

आता खर्च. पहिल्या महिन्यात नर्सिंग होम आणि औषधं धरून ३१,४०० लिहिलेत. बाबांचा प्रेसमधला पगार ६,५०० होता. एवढं तुझ्या फॉर्मात मावेल. पण त्या पानावर "पाटल्या" एवढाच शब्द आहे, पुढे आकडा नाही. मला लिहवला नसावा. नंतरच्या पानांवर फिजिओथेरपिस्ट एका खेपेचे १५०, आठवड्यातून तीनदा, दोन महिने. मग त्या नोंदी बंद. डायपर. हवेची गादी, ती सेकंडहँड. नाकातल्या नळीतून द्यायच्या पेजेसाठी वेगळा मिक्सर.

आणि जे वहीत नाहीच ते. माझं फॉल-पिकोचं मशीन तेव्हा महिन्याला दोनेक हजार आणत होतं. ते मी मार्चमध्ये झाकून ठेवलं. आजी सहा वर्षं चार महिने होती. काल पहिल्यांदा गुणाकार केला, १,५२,००० होतात. त्यात भाववाढ धरली नाहीये. तुझ्या फॉर्मात "काळजीवाहकाचा व्यवसाय" म्हणून रकाना आहे आणि तिथं मी असते तर निमूट "गृहिणी" लिहिलं असतं. लालबाग-परळच्या निम्म्या बायका तेच लिहितील, कारण घरी बसून केलेल्या कामाला आम्ही स्वतःच नोकरी म्हणत नाही. "दुखण्याआधी महिन्याला तुमच्या हातात किती पैसे यायचे" असं विचार. आणि "किती खर्च झाला" याच्याआधी "काय मोडलं, काय गहाण टाकलं" हे विचार. आकडे लोक विसरतात, पाटल्या विसरत नाहीत.

सरकारची राजीव गांधी जीवनदायी योजना मुंबईत आली ती आजी गेली त्याच वर्षी, २०१२ मध्ये. आता ती महात्मा फुल्यांच्या नावानं आहे. चांगलीच आहे, पण ती हॉस्पिटलातलं बिल बघते. आमचं खरं बिल घरी आल्यावर सुरू झालं.

तंबाखूचा प्रश्नही बदल. तू म्हणालीस की त्या ३२ देशांच्या अभ्यासात, ज्यात आपला देशही होता, पक्षाघाताचा सुमारे ९० टक्के धोका दहाच कारणांत सापडला. बीपी सगळ्यांत वर, मग हालचाल नसणं, आहार, पोटाचा घेर, धूम्रपान, मधुमेह वगैरे. मी आजीला त्यात बसवून बघितलं. धूम्रपान? नाही. बिडी तिनं उभ्या जन्मात ओढली नाही. पण दिवसातून चार वेळा मिश्री लावायची. तुझा फॉर्म हातात घेतलेला पोरगा "सिगारेट, बिडी?" विचारून "नाही"वर खूण करून पुढे जाईल. बीपीची गोळी ती घ्यायची, म्हणजे डोकं दुखेल तेव्हा घ्यायची. "गोळी चालू आहे का" याला तिचं उत्तर "हो"च आलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

त्याच २००५-०६ मध्ये बांद्रा, खार, सांताक्रूझकडच्या एच वॉर्डात पक्षाघाताची मोजणी झाली होती, हे तुझ्याकडूनच कळलं. पहिल्यांदाच झटका आलेली ४५६ माणसं सापडली आणि त्यातली जवळपास ३० टक्के अठ्ठावीस दिवसांच्या आत गेली. आजी परळची, म्हणून त्या मोजणीत नाही. पण अठ्ठाविसाव्या दिवशी ती कॉटवर बसली होती, हे मी वहीत बघितलं. त्या दिवशी अर्धा किलो पेढे लिहिलेत.

आता जे फोनवर बोलता येईना ते. तिला एकच शब्द उरला होता, तुला आठवतं ना. "नको." चहा हवा असला तरी नको, तू शाळेतून आलीस तरी हसून नको. जुन्या काळी पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांचा एक रोगी फक्त "तान" म्हणायचा, असं तू सांगितलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं, आजीला सोबत मिळाल्यासारखं. पण हात हलवायच्या व्यायामाला बसलं की तोच "नको" मला खरा वाटायचा. फिजिओथेरपिस्टनं जाताना मला सगळं शिकवलं होतं, दिवसातून तीनदा, वीस-वीस वेळा. मी ते वर्षभर केलं, मग दोनदा, मग आंघोळीच्या वेळी जमेल तसं. तिचा हात मुठीत आवळत गेला. बोटांची नखं तळव्यात रुतायची म्हणून मी कापडाची गुंडाळी ठेवायचे. तो हात माझ्या आळसामुळे गेला, असं मी तेव्हापासून धरून चाललेय. बाबांनाही बोलले नाही.

मागच्या महिन्यात तू सहज म्हणालीस की २०१७ मध्ये आपल्याच देशातल्या चौदा रुग्णालयांच्या अभ्यासाचा निकाल आला, १,२५० रुग्ण. निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम आणि काळजी शिकवली, निम्म्यांच्या नाही. सहा महिन्यांनी दोन्हीकडे सारखंच, ४७ टक्के माणसं एक तर गेलेली किंवा परावलंबी. तू वैतागून म्हणालीस, एवढी मेहनत आणि निकाल काहीच नाही. मी "हं" म्हणून फोन ठेवला आणि मोरीत जाऊन बसले.

व्यायाम फुकट असतो असा त्याचा अर्थ नाही, तेवढं मला कळतं. शिकलेल्या माणसाचं काम दमलेल्या सुनेला चार दिवसांत शिकवून भागत नाही, असा मी त्याचा अर्थ लावला. चुकीचा असेल तर दुरुस्त कर. पण ज्यात काहीच सापडलं नाही म्हणून तुम्ही हळहळता, त्या कागदानं माझ्या डोक्यावरचं एवढं मोठं ओझं उतरवलं, हे तुझ्या सरांना सांग वाटलं तर. नाव न सांगता.

माझं बीपी परवा १३४ आणि ८४ होतं. गोळी रोज रात्री घेते, डोकं दुखो न दुखो. बाबांचं मीठ मात्र तूच कमी करायला सांग, माझं ऐकत नाहीत. सुकट बंद केली तर लोणचं काढतात.

वही कुरिअरनं पाठवत नाही, हरवेल. तू संक्रांतीला येशील तेव्हा फोटो काढून घे. पाटल्यांचा आकडा पेढीच्या पावतीवर असेल, ती बाबांच्या पत्र्याच्या पेटीत आहे.

तुझी
आई