वनमंत्री साहेब, मला उचलून नेऊ नका

मा. वनमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी ४६ वर्षांची, दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून व्हीलचेअर. गेली अकरा वर्षं पक्षी बघते. म्हणजे बघायचा प्रयत्न करते असं म्हणा.

गेल्या डिसेंबरात भाच्याला घेऊन एका पाणथळावर गेले होते. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की तिथल्या गार्डदादांना नोटीस जाईल आणि रॅम्प काही होणार नाही. चेअर फोल्ड करून डिकीत टाकली आणि साडेसहाला गेटवर हजर. तर गेटवरच बाइकवाले आत घुसू नयेत म्हणून रोवलेले लोखंडी खांब, त्यातून माणूस तिरका होऊन जातो, चेअर जात नाही. मग मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिघांनी चेअर वरून पलीकडे काढली, नंतर मला. पुढे सगळी खडी. कमळपक्षी पानावरून चालतो ना, त्याची बोटं लांबच लांब असतात, वजन पसरतं म्हणून बुडत नाही, माझ्या चेअरची पुढची चाकं बरोबर उलटी, बारीक, खडीत रुततात ती रुततातच. कसंबसं मचाणापाशी पोचलो तर बावीस पायऱ्या. गार्डदादा म्हणाले, ताई टेन्शन घेऊ नका, आम्ही चौघं उचलून नेतो की.

साहेब, माणसं खरंच चांगली असतात, ते मनापासूनच म्हणतात. पण "उचलून नेतो की" हे वाक्य मी मंदिरात, बँकेत, लग्नाच्या हॉलवर, सगळीकडे ऐकलंय आणि आता नको वाटतं. वर नेलं तरी चौघं बाजूला उभे राहणार, ताईंचं झालं का म्हणून बघत. आणि पक्षी बघणं म्हणजे तर थांबणं असतं. पाणकणसात, म्हणजे काठच्या उंच पाणगवतात काहीतरी हललं की अर्धा तास तिथंच बसायचं, बहुतेक वेळा पाणकोंबडीच निघते, पण बसायचं. माझा भाचा गुणी आहे हो, पण त्याने खिशातून मोबाईल काढला की मला कळतं आपला वेळ संपला. एकटीला जाता आलं पाहिजे, थांबता आलं पाहिजे, एवढंच मागणं आहे.

मी नाही म्हटलं. भाचा वर गेला, मी खाली थांबले. पाणी पन्नास पावलांवर होतं, मध्ये रेलिंग. आता हे रेलिंग कुणी डिझाइन केलं देव जाणे, बसल्यावर माझे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर येतात आणि बरोबर तिथंच आडवा पाइप. मान खाली घातली तर चिखलात शेकाट्याचे लाल पाय दिसायचे, वर केली तर उडणारे चक्रवाक, मधला सगळा तलाव पाइपच्या मागे.

याउलट राजस्थानातलं भरतपूर. तिथल्या केवलादेव पक्षी उद्यानात दोनदा जाऊन आले. गेटपासून आत डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी, आणि सायकलरिक्षा. रिक्षात बसताना मला उचलावंच लागलं, खोटं कशाला बोलू, पण एकदाच, पुढचे चार तास मी राणी. रिक्षावाले दादा स्वतःच पक्षी ओळखून नाव सांगत होते, थांबा म्हटलं की थांबत होते, त्यांचे तासाचे पैसे ठरलेले त्यामुळे त्यांनाही घाई नाही. रस्त्यालगतच्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी, पिल्लांचा कलकलाट, सगळं बसल्या जागेवरून. आणि आपण नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतो ते बदकांवरून. हे नाव सायकलरिक्षावरूनही कमवता आलं तर बघा की.

आपल्याकडे तीन रामसार स्थळं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळं झाली, २०१९ ला नांदूर मध्यमेश्वर, २०२० ला लोणार, २०२२ ला ठाणे खाडी. त्याच २०२२ च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांगांसाठी वेगळा विभागही काढला, तेव्हा मी पेढे वाटले होते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याच्या कलम २९ मध्ये करमणुकीचा हक्क लिहिलेला आहे. सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा करायला नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, ती जून २०२२ लाच संपली. मचाण ही इमारत नाही असं कुणी म्हणेल, मग तिकीटघर आणि टॉयलेट तरी इमारतच ना? वर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते शिफारस म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक करा.

मला मोठा प्रोजेक्ट नकोय. खरं तर भीतीच वाटते त्याची, कारण प्रोजेक्ट म्हटलं की पेव्हर ब्लॉक, सिमेंटचे बगळे, सेल्फी पॉइंट आणि रंगीत लाइट येतात, मग पक्षी जातात. तीनशे मीटर द्या फक्त. पुराच्या पातळीच्या वर फळ्यांची वाट, खालून पाणी आणि गवत चालू राहील अशी, मुंबईत मलबार हिलला झाडांमधून वरून लाकडी वाट केलीच ना २०२५ मध्ये. फळ्या आडव्या टाका, उभ्या टाकल्या तर फटीत चाक अडकतं. उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट. लपणात, म्हणजे आत बसून पक्षी बघायच्या आडोशात, एक खिडकी खालच्या उंचीवर, ती लहान मुलांनाही होईल. बसून बघणाऱ्याला काठाची झाडं उभ्या माणसापेक्षा चांगली दिसतात, त्यामुळे वाट पाणकणसाला खेटून न्या, बेशरमाच्या झुडपातून नको. आणि टेंडर निघायच्या आधी व्हीलचेअरवरच्या एका तरी माणसाला जागेवर बोलवा. मला बोलवलंत तर टेप घेऊन येईन, चहा तुमचा.

आपली,
एक पक्षी बघणारी

ता.क. भाच्याने मचाणावरून काढलेला फोटो सोबत जोडलाय. मधोमध थापट्या आणि तलवार बदकांचा थवा आहे, सुंदर आलाय. उजव्या कोपऱ्यात बाभळीखाली निळा ठिपका दिसेल, ती मी.