कोंबड्याची फुलं देठासकट मंडीत आणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपतीत मंडळाच्या सजावटीसाठी फुलं आणायला इंदूरच्या चोइथराम मंडीत गेले होते. जरबेरा, कार्नेशन सगळं बाहेरून आलेलं, भाव डोळे पांढरे करणारा, आणि आपला कोंबडा, इथले लोक मुर्गकेश म्हणतात तो, नुसती डोकी खुडून गोणीत भरलेला, किलोवर. इतकं वाईट वाटलं. हेच फूल हातभर देठ ठेवून कापलं की फुलदाणीत आठ-दहा दिवस सहज टिकतं, फक्त पानं लगेच काढून टाकायची, कारण फुलाच्या आधी पानंच माना टाकतात.

मी देवास रोडच्या आमच्या जमिनीवर तीन वर्षं सेलोशिया, म्हणजे हाच कोंबडा, लावतेय म्हणून लिहितेय. ऊन आणि उकाडा याला मानवतो, सोयाबीनमध्ये उगवणारा कुरडू, ज्याची आपण पावसाळ्यात भाजी करतो, तो याच जातीचा, तेव्हा माळव्यात येणार नाही असं कुणी म्हणू नये. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून गादीवाफे, म्हणजे माती उंच करून केलेले वाफे, हवेतच. पहिल्या वर्षी मी एका नर्सरीतून ट्रेमध्ये जुनी झालेली रोपं आणली, मुळं गोल गोल गुंडाळलेली आणि शेंड्यावर आधीच छोटा तुरा, ती वीतभर वाढून तशीच थांबली, सगळा सीझन गेला. आता बी मीच टाकते (फार बारीक असतं, वर नावापुरती माती) आणि चार-पाच पानं आली की लगेच लावते.

दुसरं म्हणजे जात बघून घ्या. कुंडीतल्या बुटक्या जातींना देठच नसतो. कट फ्लॉवरसाठी, म्हणजे देठासकट कापायच्या फुलासाठी, उंच जाती वेगळ्या मिळतात, त्यातल्या पंख्यासारख्या तुऱ्याच्या एका सिरीजचं नावच बॉम्बे आहे! तुरेवाल्याचा शेंडा खुडायचा नाही, एका झाडाला एक मोठं फूल, आणि रोपं वीतभर अंतरावर दाट लावली की देठ सरळ, फूल बेताचं, जुडीत छान बसतं. पिसाऱ्यासारख्या जातीचा मात्र शेंडा खुडावा, फांद्या भरपूर फुटतात. बी धरायच्या आत कापायचं, नाहीतर टेबलावर काळं बी सांडत बसतं. उरलेली फुलं अंधाऱ्या, हवेशीर खोलीत उलटी टांगली की दोन-तीन आठवड्यांत वाळतात आणि रंग बराचसा राहतो, मी दिवाळीची तोरणं त्याचीच केली.

जूनमध्ये बी टाकलं तर नवरात्र-दसऱ्याला फूल हाताशी येतं, गणपतीसाठी थोडं आधी टाकावं लागेल. तुमच्या शेतीच्या पानावर याची माहिती सविस्तर छापाल का? आणि इंदूरच्या आसपास झेंडू लावणाऱ्या शेतकरी भावांना सांगणं आहे की चार ओळी याच्या लावून बघा, दहा देठांची जुडी बांधून आणलीत तर पहिलं गिऱ्हाईक आमचं मंडळ असेल.

एक वाचक, रामबाग, इंदूर