युरेनसची कडी खोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं सूर्यमालेचं पानभर चित्र पाहिलं. शनीखाली ठळक अक्षरांत ‘कडी असलेला एकमेव ग्रह’ आणि शेजारी युरेनस म्हणजे नुसता निळसर गोळा, तोही सरळ उभा. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सकाळी उठल्याबरोबर हे पत्र लिहायला बसले.

कडी गुरूलाही आहेत, नेपच्यूनलाही आहेत. युरेनसची तर १० मार्च १९७७ रोजी सापडली आणि कशी सापडली हे सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. युरेनस त्या रात्री एका ताऱ्यासमोरून जाणार होता. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जेम्स एलियट आणि त्यांचे सहकारी ते पिधान, म्हणजे ग्रहाआड ताऱ्याचं झाकलं जाणं, टिपायला दुर्बीण बसवलेल्या विमानातून हिंदी महासागरावर गेले होते. वेळ हुकू नये म्हणून त्यांनी यंत्रं बरीच आधी सुरू केली, आणि ग्रह ताऱ्याला झाकायच्या आतच तारा क्षणभर मंदावला. परत उजळला, परत मंदावला. असं पाच वेळा झालं. ग्रह पुढे सरकल्यावर दुसऱ्या बाजूला पुन्हा पाच वेळा! म्हणजे ताऱ्याला क्षणभर झाकत होती ती ग्रहाभोवतीची कडी. तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतही भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनी त्याच रात्री ताऱ्याचं मंदावणं नोंदवलं होतं. आज १३ कडी माहीत आहेत. ती कोळशासारखी काळी आहेत, म्हणून शनीसारखी डोळ्यांत भरत नाहीत, एवढंच.

जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ हे अंतराळयान युरेनसजवळून गेलं तेव्हा मी सातवीत होते. वडिलांनी पेपरातली बातमी कापून दिली होती, ती मी घडी करून कंपासपेटीत ठेवली. वार्षिक परीक्षेत सूर्यमालेची आकृती आली. मी युरेनस आडवा पाडला आणि पेन्सिलीला टोक काढून त्याच्याभोवती उभी, बारीक कडी काढली. बाईंनी लाल पेनाने ती खोडली, दोन गुण कापले आणि शेजारी लिहिलं, ‘कडी फक्त शनीला’. मी कात्रण घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी घडीसुद्धा उलगडली नाही. ‘पेपरात काय, काहीही छापतात,’ म्हणाल्या.

त्या दिवशी मी पेपराच्या बाजूने भांडले होते. रविवारी तुम्ही बाईंचंच म्हणणं छापलंत.

आणि युरेनस आडवाच आहे हो! अक्ष ९८ अंशांनी कललेला, सूर्याभोवतीची एक फेरी ८४ वर्षांची; त्यामुळे एकेका ध्रुवावर सलग ४२ वर्षं उजेड आणि मग तेवढाच काळ अंधार. त्याला सरळ उभा केलात की यातलं काहीच मुलांपर्यंत पोचत नाही. चंद्रही तुम्ही २७ दिलेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेला जेमतेम १० किलोमीटरचा चंद्र जाहीर झाला, तो २९ वा.

आणखी एक. तुमच्या भविष्याच्या पानावर हाच ग्रह ‘हर्षल’ म्हणून येतो. १७८१ मध्ये विल्यम हर्शेल यांनी तो शोधला, त्यांचंच हे नाव. पण हर्षल म्हणजेच युरेनस हे तुमच्या पेपरात एकदाही वाचलेलं मला आठवत नाही. भविष्याला अर्धं पान आणि विज्ञानाला महिन्यातून एक चित्र, तेही चुकीचं, याचं फार वाईट वाटतं.

मुलं असली पानं कापून वहीत चिकटवतात. म्हणून दुरुस्ती कोपऱ्यात दोन ओळींत नको. तेवढंच मोठं चित्र, आडव्या युरेनससह आणि त्याच्या कड्यांसह, त्याच जागी पुन्हा छापा.

आपली,
एक नियमित वाचक