रक्तदानाचे अनुभव टाकायचे राहिलेत

मंडळी, रक्तदानाचे अनुभव बऱ्याच जणांचे यायचेत अजून, तेवढे टाका प्लीज. नुसतं 'छान वाटलं' नको हो, हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून परत पाठवलं असेल तर तेही लिहा, त्यात लाजायचं काय. मला तर मोठ्या सुईपेक्षा ते आधी तपासणीसाठी बोटाला टोचणंच जास्त झोंबतं, पण पिशवी त्या मशीनवर डुलत डुलत भरते ना, ते बघायला मजा येते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नका, पाणी भरपूर प्या आणि झाल्यावर ताडकन उठू नका, चक्कर बहुतेक तेव्हाच येते. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, एकदोन दिवसांत भरून येतो, लाल पेशींना मात्र काही आठवडे लागतात, म्हणून दोन रक्तदानांच्या मधलं अंतर पाळा. आणि हो, पेशंटचं नाव, फोटो ग्रुपवर नको.